एकाच वजनाचे तीन चेंडू

क्रिकेटचा नियम चेंडूचं वजन सांगतो: साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. परीघ सांगतो: २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. पण हातातून सुटल्यावर तो कसा वागेल, हे नियम सांगत नाही. ते चामड्यावर, चकाकीवर आणि शिवणीवर ठरतं.

भारतात कसोटी आणि रणजी सामने एसजी चेंडूने होतात, इंग्लंडमध्ये ड्यूक्सने, ऑस्ट्रेलियात कुकाबुराने. एसजी आणि ड्यूक्सची शिवण हाताने घातलेली, उठावदार. कुकाबुराच्या बाहेरच्या टाक्यांच्या रांगा यंत्राच्या. ती शिवण लवकर बसते. ड्यूक्सची चकाकी इंग्लंडच्या हिरवळीवर बराच वेळ टिकते, म्हणून तो उशिरापर्यंत स्विंग होतो. एसजीची चकाकी आपल्या कोरड्या खेळपट्ट्यांवर लवकर उडते.

या फरकाचं काय करायचं, हे आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, श्रीरामपूरच्या झहीर खानकडे बघून कळतं. जन्म १९७८, कसोटी पदार्पण २०००. सुरुवातीची ओळख वेगाची आणि यॉर्करची. २००६ च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर तो संघाबाहेर गेला. वय सत्तावीस. बऱ्याच वेगवान गोलंदाजांची गोष्ट इथेच संपते. झहीर इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला आणि त्या एका हंगामात त्याने प्रथमश्रेणी सामन्यांत ७८ बळी घेतले. महिनोन्‌महिने ड्यूक्स हातात होता.

पुढच्याच वर्षी, जुलै २००७ मध्ये, ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने पहिल्या डावात ४ आणि दुसऱ्यात ५ गडी बाद केले. भारत जिंकला, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमधली कसोटी मालिकाही आपली झाली.

आता ऑक्टोबर २००८, बंगळुरू, समोर ऑस्ट्रेलिया. खेळपट्टी कोरडी, चेंडू एसजी. इथे त्याचं हत्यार वेगळं होतं: रिव्हर्स स्विंग. नवा चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो, कारण शिवण एका बाजूची हवा ढवळते आणि ती हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते. एक बाजू पुरेशी खरखरीत झाली आणि वेग असला, की हाच हिशेब उलटतो. चेंडू चकाकत्या बाजूकडे जातो. झहीर धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, म्हणजे चकाकी कुठल्या बाजूला आहे हे फलंदाजाला कळू नये. पहिल्या डावात ९१ धावांत ५ बळी.

मग बळी कोणी घेतला, चेंडूने की माणसाने? ‘चेंडू चांगला होता म्हणून’ असं आपण सहज म्हणून टाकतो. वैशेषिकांनी सुटलेल्या बाणाचा विचार केला होता. बाणाची पहिली हालचाल धनुष्याच्या ढकलण्यातून, त्याला ते नोदन म्हणतात. पुढची हालचाल बाणात उत्पन्न झालेल्या संस्कारातून, म्हणजे वेगातून. गोलंदाजाच्या हाती फक्त ते नोदन असतं. पुढच्या वीस मीटरांत त्याला काहीच करता येत नाही. तेव्हा ताबा म्हणजे काय? सोडण्याआधीच त्या वस्तूचा स्वभाव ओळखणं. ड्यूक्स सगळ्यांनाच मिळतो. तो ओळखायला झहीरला एक अख्खा हंगाम द्यावा लागला.

आपल्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजी सामना असेल तेव्हा जरूर जा. धावफलक थोडा बाजूला ठेवा. तिसाव्या-चाळिसाव्या षटकात खेळाडू चेंडूची कुठली बाजू पुसतायत आणि कुठली मुद्दाम सोडून देतायत, ते बघा. खरा सामना तिथे चाललेला असतो.