रवानगी आणि पैवस्ती : फॅक्सयंत्राला विचारलेले प्रश्न

मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे चाळणाऱ्या अभ्यासकाला दोन शब्द पावलोपावली भेटतात : रवानगी आणि पैवस्ती. पत्र लिहून झाले, मोर्तब झाले आणि जासुदाच्या हाती दिले, की त्याची रवानगी झाली. ते ज्याच्या नावे होते त्याच्या दफ्तरात पोचले आणि त्यावर पोचल्याची मिती टाकली गेली, की ते पैवस्त झाले. या दोन मित्यांमधल्या अंतरात किती इतिहास सामावलेला असतो, हे पानिपताने आपल्याला शिकवले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी घडलेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलशाच्या मुक्कामी मिळाली, ती सुमारे दहा दिवसांनी आणि तीही एका सावकारी पत्रातून. तेवढे दिवस पेशवे अशा जगात वावरत होते, जे प्रत्यक्षात संपून गेले होते.

विजेच्या तारेने हे अंतर मिटवले, असे आपण समजतो. प्रस्तुत लेखात असे सुचवायचे आहे, की अंतर मिटले नाही. ते फक्त दिसेनासे झाले. याचा उत्तम पुरावा म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आपल्या कचेऱ्यांत आलेले आणि आता कोपऱ्यात धूळ खात पडलेले फॅक्सयंत्र. त्या यंत्रापुढे उभे राहून माणसे जे प्रश्न विचारत, ते वरवर भाबडे वाटले तरी दफ्तरविद्येचे मूलभूत प्रश्न होते.

आरंभी एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. फॅक्स हे दूरध्वनीचे अपत्य आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते दूरध्वनीहून वयाने मोठे आहे. घड्याळे बनवणारा स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर बेन याने विजेच्या तारेवरून अक्षराची प्रतिकृती पाठवण्याचे पेटंट १८४३ मध्ये घेतले. बेलचे दूरध्वनीचे पेटंट १८७६ चे. जोव्हानी कासेल्ली या इटालियन संशोधकाच्या यंत्रावर पॅरिस ते लिऑन अशी सार्वजनिक सेवा १८६५ मध्ये सुरूही झाली होती. तिचा एक प्रमुख उपयोग सह्या पडताळण्यासाठी होत असे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मजकूर तारेनेही जात होता. जात नव्हते ते हस्ताक्षर.

इथेच लिपीचा प्रश्न उभा राहतो. तारायंत्राची भाषा ठिपके आणि रेघांची होती आणि ती रोमन वर्णमालेच्या मापाने बेतलेली होती. त्यामुळे शंभरेक वर्षे मराठी माणसाचे सुखदुःख इंग्रजीतून, नाहीतर रोमन अक्षरांतल्या मराठीतून प्रवास करत राहिले. देवनागरीतून तारा पाठवण्याची सोय १९४९ मध्ये काही निवडक ठिकाणी सुरू झाली. पण खेड्यापाड्यांत तार म्हणजे इंग्रजी कागद आणि तो वाचून दाखवणारा मास्तर, हे चित्र फारसे बदलले नाही. फॅक्सने मात्र लिपीचा प्रश्न सोडवला नाही, तर तो विचारायचेच नाकारले. त्याला अक्षर कळत नाही. त्याला फक्त काळे आणि पांढरे कळते. म्हणूनच हजारो चित्राक्षरांच्या लिपीत लिहिणाऱ्या जपानने हे यंत्र सर्वांत आपुलकीने स्वीकारले. आपल्याकडेही ज्या दिवशी पहिले देवनागरी पत्र, खालच्या सहीशिक्क्यासह, फॅक्सवरून गेले, त्या दिवशी लिपी आणि तार यांतले जुने भांडण मिटले, असे म्हणता येईल.

परंतु हे सख्य बिनशर्त नव्हते. १९८० मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय मानकाने जगभरची फॅक्सयंत्रे एकमेकांशी बोलू लागली, त्यानुसार कागदाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांत मोजली जाते आणि साध्या प्रतीत उभ्या अंगाने मिलिमीटरला ३.८५ ओळी पडतात. 'फाइन' हे बटण दाबले तर त्या दुप्पट होतात आणि पान जायला वेळही जास्त लागतो. आता देवनागरीचा विचार करावा. बारा पॉइंटांत छापलेली ओळ सुमारे सव्वाचार मिलिमीटर उंचीची असते. साध्या प्रतीत तिच्या वाट्याला सोळा ओळी येतात. तेवढ्यात शिरोरेघ, तिच्या वरच्या वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार, मधले अक्षर आणि खालचे उकार एवढे सगळे बसवायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराला जेमतेम दोन ओळी मिळतात. त्यांतली एखादी तारेवरच्या खरखरीत बिघडली, की शंकेची शका होते आणि आंब्याचा आबा. 'इंग्रजी पत्र स्वच्छ येते, मग मराठी पत्र का बरबटते?' हा कचेऱ्यांतला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर या गणितात आहे. या पिढीच्या यंत्रांची सांकेतिक व्यवस्था पारखण्यासाठी जे आठ नमुना-कागद वापरले गेले, त्यांत इंग्रजी पत्र होते, फ्रेंच मजकूर होता, दाट जपानी मजकुराचे पान होते, देवनागरी नव्हती. ज्या मेजवानीचे आमंत्रण आपल्याला नव्हते, तिथे आपण जाऊन बसलो होतो.

दुसरा प्रश्न कागदाच्या बाजूचा. 'लिहिलेली बाजू वर ठेवायची की खाली?' काही यंत्रे अक्षर वरच्या बाजूने वाचतात, काही खालच्या. त्यासाठी कागद सारण्याच्या जागी दुमडलेल्या कोपऱ्याच्या पानाची छोटी खूण उठवलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. कागद उलटा घातला, की पलीकडे कोरे पान निघते. गंमत अशी, की पाठवणाऱ्याच्या हाती येणारा अहवाल 'ओके' असाच असतो. यंत्राने कोरेपणा प्रामाणिकपणे पोचवलेला असतो.

तिसरा प्रश्न पानांच्या संख्येचा. 'वरच्या पानावर एकूण पाने का लिहायची?' कारण फॅक्सला शेवट नसतो. पाच पानांतली तीनच निघाली आणि चौथ्याला कागद संपला, तर तिसऱ्या पानाच्या तळाशी पत्र संपले असे समजायला वाचणारा मोकळा असतो. आपल्या पूर्वजांना ही अडचण ठाऊक होती. शिवकालीन पत्राच्या मथळ्याशी मुख्य मुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब असे. ती उठली, की पत्राची मर्यादा ठरली आणि तिच्या खाली कोणी काही घुसडू शकत नसे. 'या पानासह एकूण पाने तीन' ही फॅक्सच्या मुखपृष्ठावरची रुक्ष ओळ म्हणजे त्या मोर्तबेचीच गद्य वंशज होय. फरक एवढाच, की मर्यादा आता शेवटी नाही, आरंभीच सांगावी लागते.

आता मुख्य प्रश्न : 'ओके आले, म्हणजे पोचले ना?' याचे काटेकोर उत्तर असे, की 'ओके' हा पलीकडच्या यंत्राचा होकार आहे, पलीकडच्या माणसाचा नव्हे. पान निघाले, पण ट्रेमध्ये पडून राहिले. दुसऱ्याच्या कागदांत मिसळून गेले. शाईची पट्टी संपली म्हणून पुसट उमटले. यांतले काहीही 'ओके'ला ठाऊक नसते. तो रवानगीचा भक्कम पुरावा आहे. पैवस्तीचा तो संकेत आहे. वाचल्याचा तर तो काहीच नाही.

न्यायालयांना या फरकाशी झगडावे लागले. सिल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्सपोर्टर्स या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. धनादेश न वटल्याची नोटीस धनकोने ११ जून १९९६ रोजी फॅक्सने धाडली आणि पाठोपाठ नोंदणीकृत टपालानेही पाठवली. टपालाची नोटीस २५ जूनला पोचली. नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास पंधरा दिवस आणि त्यानंतर फिर्याद करण्यास एक महिना, असा तेव्हाचा हिशेब. फिर्याद ८ ऑगस्टला दाखल झाली. टपालाची तारीख धरली तर ती मुदतीत होती, फॅक्सची धरली तर मुदतीबाहेर. न्यायालयाने म्हटले, की फॅक्सने दिलेली नोटीसही लेखी नोटीसच होय आणि ती त्याच दिवशी मिळाली असेल तर मुदत तेव्हापासूनच धावू लागते. फॅक्स कायद्याच्या दृष्टीने 'पत्र' ठरला आणि नेमक्या त्याच कारणाने तो पाठवणारा हरला. खबरदारी म्हणून दोन वाटांनी पत्र धाडणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय लक्षात ठेवावा : दोन रवानग्या म्हणजे दोन पैवस्त्या.

उलट बाजूचे उदाहरण अगदी अलीकडचे. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापण्याचा दावा करणारे पत्र राज्यपालांकडे फॅक्सने पाठवू पाहिले. ते जात नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्याच रात्री विधानसभा विसर्जित झाली. ईदची सुट्टी असल्याने फॅक्सपाशी कोणी नव्हते, असे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी नंतर सांगितले. घटनात्मक वादात इथे शिरायचे नाही. मुद्दा इतकाच, की पैवस्तीसाठी पलीकडे यंत्र असणे पुरत नाही. दफ्तर उघडे असावे लागते आणि दफ्तरदार जागा असावा लागतो.

हे सारे कोयनानगरच्या संदर्भात आठवण्याचे कारण आहे. पाटण तालुक्यातले हे गाव धरणाभोवती वसले. पण धरणाचा व्यवहार एका गावात मावणारा नाही. १९६४ मध्ये पूर्ण झालेले १०३ मीटर उंचीचे धरण इथे, वीजगृह सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला, जिल्ह्याची कचेरी साताऱ्याला, मंत्रालय मुंबईला; आणि सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीच्या आयर्विन पुलाकडे जाणारे. म्हणजे हे गाव स्वभावतःच कागदांवर आणि निरोपांवर जगणारे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने सुमारे १८० माणसे गेली आणि मुंबईची वीजही खंडित झाली, तेव्हा एका ठिकाणचा हादरा किती लांबवर पैवस्त होतो, हे सर्वांनी पाहिले.

पावसाळ्यात तर इथल्या निरोपावर खालच्या खोऱ्याचा जीव टांगलेला असतो. म्हणूनच पूरकाळातल्या संपर्कसूचीत दूरध्वनी क्रमांकाच्या शेजारी फॅक्सचा क्रमांक छापण्याची रीत पडली. बोललेला आकडा विसरला जातो, चुकीचा ऐकला जातो. लिहिलेला आकडा साक्षीला उरतो, हा त्यामागचा विचार. पण आता मघाचे ठिपक्यांचे गणित आठवावे. देवनागरी १ आणि ९ यांत फरक आहे तो एका गाठीचा. पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये कळवणाऱ्या कागदावर तेवढी गाठ भरून गेली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून जाणती माणसे आकडा अंकांत आणि अक्षरांतही लिहीत आणि फॅक्स गेल्यावर दूरध्वनी करून विचारत, 'मिळाला का? वाचून दाखवा.' या 'वाचून दाखवा'त पैवस्तीची खरी व्याख्या आहे.

शेवटचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि आज तो विचारण्याची वेळ आहे : फॅक्स किती दिवस टिकतो? जुन्या यंत्रांतला गुळगुळीत गुंडाळीचा कागद उष्णतेने काळा होणाऱ्या लेपाचा असे. त्यावर शाई नसतेच. ऊन, उष्णता, दमट हवा, इतकेच काय, प्लॅस्टिकच्या पिशवीचा सहवासही त्या अक्षरांना मानवत नाही. काही वर्षांत ती विटतात आणि पान कोरे होते. याच दोन जिल्ह्यांत, वाईच्या वाड्यात वि. का. राजवाड्यांना मिळालेल्या कागदांवरून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दफ्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. काजळाच्या शाईने लिहिलेले अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र आजही वाचता येते. १९९२ चा फॅक्स बहुधा येत नाही. धरणग्रस्तांचे अर्ज, पुराचे निरोप, साहित्यसंस्थांचे पत्रव्यवहार, संपादकांना घाईने पाठवलेले लेख यांतला कितीतरी ऐवज या विटणाऱ्या कागदावर उतरला होता. ज्या कारकुनाने आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि कोपऱ्यात आवक क्रमांक व तारीख टाकली, त्याने नकळत इतिहासकाराचे काम केले.

आपल्या विद्यार्थ्यांपुढे म्हणूनच एक साधे काम ठेवावेसे वाटते. महाविद्यालयाच्या, ग्रामपंचायतीच्या, सहकारी संस्थेच्या, घरच्या जुन्या फाइलींत गुळगुळीत, पिवळट, कडा वळलेले कागद सापडले तर ते आधी उन्हातून बाजूला करावेत, प्लॅस्टिकमधून काढावेत आणि अक्षर दिसते आहे तोवर त्यांची प्रत करून घ्यावी. प्रतीवर दोन तारखा जरूर नोंदवाव्यात. पानाच्या माथ्यावर पाठवणाऱ्या यंत्राने छापलेली बारीक ओळ ही रवानगी. खाली आवक-शिक्क्यात असते ती पैवस्ती. व्हॉट्सॲपवरच्या एका, दोन आणि निळ्या खुणांनी आज जे तीन टप्पे वेगळे दाखवले जातात, ते आपल्या दफ्तराने केव्हाच ओळखले होते. फॅक्सच्या काळात मधली दोन-तीन दशके आपण ते विसरलो आणि एका 'ओके'वर विसंबलो. त्या काळातले जेवढे कागद अजून वाचता येतात, तेवढ्यांची पैवस्ती आपल्या हाती आहे.