हॅलोवीनचें मूळ व त्यावरील धार्मिक आक्षेप

ऑक्टोबर महिन्याच्या ३१ तारखेस रात्रीं आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांत हॅलोवीन नांवाचा जो उत्सव होतो, त्याविषयीं दोन मतें सर्वत्र रूढ आहेत. पहिलें मत असें कीं, हा केल्ट लोकांचा ख्रिस्तपूर्व मृतपूजेचा सण असून रोमन चर्चनें त्यावर आपल्या सर्वसंतदिनाचें पांघरूण घातलें. दुसरें मत पहिल्यांतूनच निघतें. ज्या अर्थीं सणाचें मूळ मूर्तिपूजक आहे, त्या अर्थीं ख्रिस्ती मनुष्यानें तो पाळणें पाप होय. यांपैकीं दुसऱ्या मताचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाहीं. तें ज्या पहिल्या मतावर उभें आहे तें कागदपत्रांच्या कसोटीस कितपत उतरतें, एवढेंच पाहणें आमचें काम आहे. हें काम केवळ कुतूहलाचेंहि नाहीं. याच मताच्या जोरावर कित्येक श्रद्धाळू कुटुंबांत मुलांस त्या रात्रीं घराबाहेर पडण्याची बंदी होते, आणि याच मताच्या जोरावर अर्वाचीन पेगनपंथी त्या सणावर आपला वडिलार्जित हक्क सांगतात. वादी व प्रतिवादी दोघेहि एकच दस्तऐवज पुढें करीत आहेत. तेव्हां तो दस्तऐवज कोणीं लिहिला व केव्हां लिहिला, याची चौकशी होणें अवश्य आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. ‘हॅलो’ म्हणजे संत आणि ‘ईव्हन’ म्हणजे सायंकाळ. सर्वसंतदिनाची पूर्वसंध्या असा या शब्दाचा सरळ अर्थ. म्हणजे नांव निखालस ख्रिस्ती आहे. ख्रिस्तपूर्व म्हणून जो सण सांगितला जातो त्याचें आयरिश नांव वेगळें, तें साउइन. हा सण १ नोव्हेंबरचा. जुन्या आयरिश वर्षाचे चार मोठे दिवस, इंबोल्क, बेल्टने, लुघनसा व साउइन, हे अनुक्रमें फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांच्या आरंभीं येत. साउइन हा हिवाळ्याचा आरंभ. डोंगरावरचीं गुरें खालीं आणावयाचीं आणि हिवाळ्यांत जीं पोसवणार नाहींत तीं मारावयाचीं, असे हे दिवस.

आतां पुरावा. साउइनचा अव्वल दर्जाचा लेखी पुरावा आयरिश कथांच्या हस्तलिखितांत आहे. त्यांत ‘लेबर ना हुइद्रे’, म्हणजे तपकिरी गाईची पोथी, ही संपूर्णपणें आयरिश भाषेंत लिहिलेल्या उपलब्ध पोथ्यांत सर्वांत जुनी. ती क्लॉनमॅकनॉइझच्या मठाशीं निगडित असून आज डब्लिन येथील रॉयल आयरिश ॲकॅडमींत आहे. तिच्या लेखकांपैकीं मेल मुइरे हा १,१०६ सालीं त्याच मठांत लुटारूंच्या हातून मारला गेला, यावरून पोथीचा काळ ठरतो. रिचर्ड आयर्विन बेस्ट यानें १९१२ सालीं अक्षरवटिकेवरून तींत तीन हात ओळखले. पैकीं तिसऱ्या हातानें जुना मजकूर खरवडून कित्येक ठिकाणीं आपला मजकूर घातला आहे. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रकार नवा नाहीं.

या पोथींतील कूहुलिनच्या आजाराच्या कथेंत अल्स्टरचे लोक साउइनच्या आधीं तीन दिवस, तो दिवस व नंतर तीन दिवस असे सात दिवस एकत्र जमत, असें वर्णन आहे. त्या सात दिवसांत काय चाले? खेळ, मेळे, डामडौल आणि खाणेंपिणें. देवाची पूजा नाहीं, पितरांस पिंड नाहीं. ‘नेराचें साहस’ या दुसऱ्या कथेंत साउइनच्या रात्रीं क्रूआहनच्या राजवाड्याबाहेर टांगलेल्या प्रेताच्या पायांत वेताची कडी अडकविण्याची पैज लागते. प्रेत बोलूं लागतें, पाणी मागतें, आणि पुढें नेरा टेकडीच्या पोटांतील अद्भुत लोकांत शिरतो. फिन या वीराच्या कथेंत दर साउइनला टेकडीतून एक पुरुष बाहेर येऊन तारा येथील राजवाडा जाळतो. या सर्वांवरून एवढें निर्विवाद ठरतें कीं, त्या रात्रीं अद्भुत सृष्टीचीं दारें उघडीं होतात अशी समजूत आयर्लंडांत जुनी आहे. परंतु त्या रात्रीं मृतांचे आत्मे आपापल्या घरीं परततात आणि लोक त्यांची पूजा करतात, असें यांपैकीं एकाहि कथेंत नाहीं. शिवाय या कथा लिहिणारे सर्व ख्रिस्ती मठांतील भिक्षु होते, आणि त्यांचा देश त्यापूर्वीं कित्येक शतकें ख्रिस्ती झालेला होता, हेंहि विसरतां कामा नये.

ताराजवळील त्लाख्तगा टेकडीवर साउइनच्या रात्रीं ड्रुइड जमून होम पेटवीत व त्यावरून सर्व आयर्लंडांतील चुली पेटत, ही हकीकत नेहमीं पुढें केली जाते. ती जेफ्री कीटिंग या धर्मगुरूच्या आयर्लंडच्या इतिहासांतील आहे. तो ग्रंथ १,६३४ च्या सुमारास पुरा झाला. कीटिंगपाशीं आज नष्ट झालेल्या पोथ्या होत्या हें खरें. तथापि वर्णिलेल्या काळापासून हजारांहून अधिक वर्षांच्या अंतरानें लिहिलेला हा मजकूर समकालीन साक्ष म्हणून स्वीकारतां येत नाहीं. १८९७ सालीं फ्रान्सांत कोलिन्यी येथें सांपडलेल्या कांशाच्या पत्र्यावरील गॉल पंचांगांत ‘सामोनिओस’ महिना व त्यांतील तीन रात्रींचा उल्लेख आहे. हा पुरावा प्राचीन खरा; पण तो महिना उन्हाळ्याचा कीं हिवाळ्याचा याविषयींच विद्वानांत एकमत नाहीं.

मग मृतांचा देव हा शब्द आला कोठून? अठराव्या शतकांत चार्ल्स व्हॅलन्सी नांवाचा एक इंग्रज लष्करी स्थापत्यविशारद आयर्लंडांत होता. त्याला पुराणवस्तूंचा छंद होता. त्यानें आपल्या आयरिश विषयांवरील संग्रहमालेंत साउइन हें एका देवतेचें, मृतांच्या न्यायाधीशाचें नांव म्हणून मांडलें. आयरिश भाषेचें फिनिशियन व इतर पौर्वात्य भाषांशीं नातें जोडण्याची त्याची पद्धत केवळ ध्वनिसाम्यावर चालणारी होती. त्या पद्धतीनें साउइन व आपला ‘सावन’ हेहि एक ठरतील, परंतु तो नुसता कानांचा भास होय. कोणत्याहि जुन्या आयरिश पोथींत साउइन नांवाचा मृत्युदेव नाहीं. मध्ययुगीन लेखक स्वतः त्या शब्दाची फोड ‘उन्हाळ्याचा शेवट’ अशी करतात. तरी व्हॅलन्सीचा हा देव पुढें पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेला आणि आजच्या धार्मिक पत्रकांत सैतानाचा सखा म्हणून अवतरला. नक्कल करणाऱ्यानें मूळ न पाहिल्यास एका मनुष्याचा तर्क किती पिढ्या टिकतो, याचें हें उदाहरण संग्राह्य आहे.

यानंतर जॉन ऱ्हीस यानें १८८६ सालच्या व्याख्यानांत साउइन हा केल्टांचा वर्षारंभ ठरविला, आणि जेम्स फ्रेझर यानें तो मृतांचाहि सण ठरविला. फ्रेझरचा तर्क उलट दिशेचा होता: चर्च २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस पाळतें, त्याअर्थीं त्या सुमारास त्याहून जुना मृतांचा सण असलाच पाहिजे. परंतु तो २ नोव्हेंबरचा दिवस आयर्लंडांत निघाला नाहीं. फ्रान्सांतील क्लूनी मठाचा अधिपति ओडिलो यानें इ. स. ९९८ च्या सुमारास तो आपल्या मठांपुरता सुरू केला व तेथून तो पसरला.

सर्वसंतदिनाचीहि हीच गोष्ट. पोप चवथा बोनिफेस यानें रोममधील पॅन्थिऑन हें देवालय ६०९ च्या सुमारास १३ मे रोजीं हुतात्म्यांस अर्पण केलें. आठव्या शतकांत तिसऱ्या ग्रेगरीनें सेंट पीटरच्या मंदिरांत सर्व संतांसाठीं वेदी स्थापिली. १ नोव्हेंबर ही तारीख ८०० च्या सुमारास इंग्लंड व जर्मनीकडे रूढ झालेली दिसते. अल्क्विननें साल्झबुर्गच्या आर्नोस तिची शिफारस केली, आणि पुढें ८३५ सालीं फ्रँकांच्या साम्राज्यांत ती सार्वत्रिक झाली. याच वेळीं आयर्लंडांत काय होतें? ८०० च्या सुमारास रचलेल्या ओंगसच्या छंदोबद्ध संतपंचांगांत युरोपच्या सर्व संतांचा दिवस २० एप्रिल दिला आहे. साउइन बुजविण्यासाठीं चर्चनें ही तारीख निवडली असती, तर जेथें साउइन होता तेथेंच ती प्रथम दिसावयास हवी होती. ती तेथें उशिरां आली. रोनाल्ड हटन यानें १९९६ सालीं आपल्या ब्रिटनच्या ऋतूत्सवांवरील ग्रंथांत हा मुद्दा मांडला, व आम्हांस तो निर्णायक वाटतो.

आतां आक्षेपांचा इतिहास. येथें एक गोष्ट ध्यानांत येण्यासारखी आहे. या रात्रीवर धर्मसुधारकांनीं जो पहिला हल्ला केला, त्यांत मूर्तिपूजक मुळाचा आधार घेतलेला नव्हता. मार्टिन ल्यूथरनें १५१७ सालीं पापक्षमापत्रांविरुद्धचे आपले प्रबंध पुढें केले ते याच ३१ ऑक्टोबर रोजीं. वाद होता तो शुद्धिलोकाचा: मृतांसाठीं जिवंतांनीं प्रार्थना केल्यानें त्यांची यातना कमी होते कीं नाहीं? सर्वसंतदिनाच्या रात्रीं इंग्लंडांत देवळांच्या घंटा मृतांसाठीं रात्रभर वाजत. १५४६ सालीं आर्चबिशप क्रॅन्मरनें त्या बंद करण्याची खटपट केली, पण आठव्या हेन्रीनें ऐन वेळीं माघार घेतली. पुढें १५४७ च्या कायद्यानें मृतांसाठीं प्रार्थना करणाऱ्या संस्थांची मिळकत जप्त झाली आणि १५६३ च्या धर्मकलमांत शुद्धिलोक निराधार ठरला. स्कॉटलंडांत १५६० सालीं संतांचे सण सरसकट काढून टाकण्याचें ठरलें. सारांश, सोळाव्या शतकांतील आरोप ‘हा पोपचा सण आहे’ असा होता.

सैतानाचें नांव या रात्रीशीं जोडलें गेलें तें चेटकिणींच्या खटल्यांतून. १५९० च्या हॅलोवीनला नॉर्थ बेरिकच्या देवळांत चेटकिणी सैतानास भेटल्या, अशी कबुली सहाव्या जेम्सच्या कारकीर्दींत छळ करून घेण्यांत आली व १५९१ सालीं छापून प्रसिद्ध झाली. कबुलीची किंमत कांहींहि नसली तरी ती छापील कल्पना टिकली. तथापि खेडुतांचा सण चालूच राहिला. रॉबर्ट बर्न्सनें १७८५ सालीं रचलेल्या ‘हॅलोवीन’ या काव्यास जोडलेल्या टिपांत कोबीचे दांडे उपटून किंवा आगींत कवचफळें टाकून भावी पति पाहण्याचे खेळ नोंदले आहेत. एकोणिसाव्या शतकांत, विशेषतः १८४५ नंतरच्या दुष्काळांत, आयरिश लोक अमेरिकेस गेले; सलगम कोरून करावयाचा दिवा तेथें भोंपळ्याचा झाला. विसाव्या शतकांत तेथील कित्येक प्रॉटेस्टंट पंथांनीं चेटूकनिषेधाच्या बायबलवचनांचा आधार घेऊन या सणावर बहिष्कार घातला. यहोवाचे साक्षी हा पंथ तर तो मूळ मूर्तिपूजक म्हणूनच वर्ज्य मानतो. चेटूकविरोधी कायदा इंग्लंडांत १९५१ सालीं रद्द झाल्यावर उघडपणें पुढें आलेल्या नव्या पेगनपंथांनीं साउइन आपल्या आठ सणांत घातला. अशा रीतीनें पोपचा म्हणून निंदिलेला सण तीनचारशें वर्षांत सैतानाचा म्हणून निंदिला जाऊं लागला.

याचा आमच्याकडील दुवा गोव्याचा आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबें २ नोव्हेंबरला आप्तांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. क्लूनीच्या मठाचा दिवस पोर्तुगीजांबरोबर मांडवीच्या कांठीं पोंचला तो असा. याच गोव्यांत १७३६ सालीं इन्क्विझिशननें जाहीरनामा काढून नवख्रिस्त्यांच्या लग्नांतील हळद, दारची तुळस, पुरुषांचें धोतर इत्यादि चाली मूर्तिपूजक म्हणून निषिद्ध केल्या. त्या चाली त्या वेळीं जिवंत होत्या याचा सर्वांत बळकट पुरावा तो जाहीरनामाच होय. क्रॅन्मरच्या खटपटीनेंहि घंटा वाजत होत्या हें आपणांस कळतें. निषेध करणारा आपल्या काळची चाल नोंदवून ठेवतो, म्हणून त्याची साक्ष त्या काळापुरती घ्यावी. पण त्या चालीच्या हजार वर्षांपूर्वींच्या मुळाविषयीं तो जें सांगतो, त्यास निराळा दाखला मागावा.

निष्कर्ष असा: साउइन हा हिवाळ्याच्या तोंडचा जुना आयरिश मेळा होता व त्या रात्रीभोंवतीं अद्भुताच्या समजुती होत्या, हें सिद्ध आहे. तो मृतपूजेचा सण होता, किंवा त्याला दडपण्यासाठीं चर्चनें १ नोव्हेंबर निवडला, हें सिद्ध नाहीं. मृतांचा संबंध ख्रिस्ती सर्वसंतदिन व मृतात्मदिन यांतून आला, असें मानण्यास पुरावा अधिक आहे. ज्यास हा सण धर्मदृष्ट्या वर्ज्य वाटतो त्यानें तो खुशाल वर्ज्य करावा, व ज्यास प्रिय वाटतो त्यानें पाळावा. मात्र दोघांनींहि व्हॅलन्सीच्या मृत्युदेवास साक्षीस बोलावूं नये.