ओहमच्या आठ तारा

श्रोतेहो, घरातल्या इस्त्रीवरची बारीक अक्षरांतली पट्टी आपण कधी वाचली आहे का? तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात : २३० व्होल्ट आणि १००० वॅट. हजाराला २३० ने भागा, उत्तर येते ४.३५. इतके अँपिअर विजेचा प्रवाह ती इस्त्री घेते. आता २३० ला या ४.३५ ने भागा. उत्तर सुमारे ५३ ओहम. हा झाला इस्त्रीतल्या तापलेल्या तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. सातवी-आठवीतल्या मुलालाही जमावेत असे हे दोन भागाकार. पण त्यातला दुसरा जगाच्या गळी उतरवताना एका शाळामास्तराच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली.

गेऑर्ग सिमॉन ओहम हे त्या मास्तरांचे नाव. जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली एका कुलपे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांनी स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून घेतले होते आणि तेच मुलांना शिकवले. १८१७ साली ओहम कोलोन शहरातल्या एका शाळेत शिक्षक झाले. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवून दिले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. सूची किती हलली यावरून प्रवाहाची तुलना करता येणार होती. ओहम यांनी ठरवले, तार लांब केली की प्रवाह किती घटतो ते मोजायचे.

पण अडचण होती विजेच्या उगमाची. त्या काळी व्होल्टा यांच्या पद्धतीची बॅटरी वापरत. तिचा जोर क्षणोक्षणी बदले. आता तराजूचे वजनच दर घडीला हलके-जड होऊ लागले तर माल मोजायचा कसा? १८२५ साली ओहम यांनी घाईने एक सूत्र प्रसिद्ध केले. ते चुकीचे निघाले.

तेव्हा पोगेन्डॉर्फ या संपादकांनी त्यांना एक सल्ला दिला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एक गरम आणि एक थंड ठेवले, तर वीज वाहते, हा सीबेक यांचा शोध नुकताच लागला होता. ती वीज वापरून पाहा, असे पोगेन्डॉर्फ म्हणाले. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ आपले तापमान सोडत नाहीत, त्यामुळे विजेचा दाबही हलेना. मग त्यांनी सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. एकेक तार जोडायची आणि सूचीवरून प्रवाह मोजायचा. उरलेल्या मंडळाचा स्वतःचा अडथळाही हिशेबात धरला, तेव्हा आठही तारांचे आकडे एकाच सूत्रात बसले. प्रवाह म्हणजे दाब भागिले एकूण रोध. हे साल होते १८२६.

अर्ध्या पगाराची रजा काढून ओहम बर्लिनला गेले आणि १८२७ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांना आशा होती. पण तिथल्या विद्वानांत त्या वेळी तत्त्वचिंतनाला मान होता, तारांच्या इंचांना नव्हे. टीका झाली, जागा मिळाली नाही. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची काही वर्षे लहानसहान शिकवण्यांवर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला स्थिर नोकरी मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाची खरी कदर झाली. म्युनिकला भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, त्यांचे निधन झाले.

गंमत अशी, की इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच नियम १७८१ च्या सुमारास उमगला होता. प्रवाह मोजायला त्यांच्यापाशी साधन नव्हते, म्हणून ते स्वतःच्या अंगाला बसणाऱ्या झटक्याचा जोर ताडून पाहत! पण त्यांनी ते छापले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांचे कागद १८७९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ओहम जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

आता आपला पहिला भागाकार, वॅटचा. मँचेस्टरजवळ बिअर गाळणाऱ्या कुटुंबातला जेम्स जूल हा तरुण पाण्यात तार बुडवून तीतून वीज सोडी आणि पाणी किती तापले ते थर्मामीटरने पाही. १८४१ साली त्याने मांडले : प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. याला ओहमचा नियम जोडला, की दाब गुणिले प्रवाह बरोबर शक्ती, हे सोपे सूत्र हाती येते. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाचे एकक म्हणून ओहम यांच्या नावाचे एकक स्वीकारले.

संध्याकाळी दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरला, की इस्त्री नीट तापत नाही आणि आपण तिलाच दोष देतो. पण तारेचा रोध जवळपास तोच असतो. दाब घटला म्हणून प्रवाहही घटला, आणि दोन्हींचा गुणाकार हजार वॅटवरून साडेसातशेच्या आसपास आला. दाब घटला जेमतेम आठवा हिस्सा, शक्ती गेली चौथा हिस्सा. इस्त्री दुरुस्तीला टाकण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.