भास्कराचार्यांची माकडे आणि आलेखाचा कागद

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्यापैकी बरेच जण दर्शनाला किंवा पावसाळ्यात फिरायला जाऊन आले असतील. त्या पाटणचा शके ११२८ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. लेखाच्या शेवटच्या जुन्या मराठी ओळींत बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा आणि दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिले आहे. म्हणजे बघा, गणिताच्या अभ्यासाला पाटणच्या तेल्याचाही हातभार होता! भास्कराचार्यांचे विज्जडवीड ते हेच का, हा वाद आज नको.

त्यांच्या ११५० च्या बीजगणितातली दोन उदाहरणे घेऊ. पहिले असे: टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडे वनात खेळताहेत, उरलेली बारा टेकडीवर आहेत, एकूण किती? उत्तरे दोन, १६ आणि ४८. भास्कराचार्यांनी दोन्ही मान्य केली.

दुसरे: टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, उरले त्याच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. इथेही उत्तरे दोन, ५० आणि ५. पण ५ त्यांनी नाकारले. का? पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. हिशेब जुळतो हो! पण उणे दोन माकडे कुणी पाहिली आहेत? ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण ते देतात.

आता आलेखाकडे येऊ. जळगाव-धुळ्याच्या शाळांतून मुले ठिपके मांडतात, जोडतात, गुण घेतात. वक्र क्ष-अक्षाला छेदतो ती मुळे, इथवर ठीक. पहिल्या उदाहरणाचा वक्र १६ ला खाली उतरतो, ३२ ला उणे चारचा तळ गाठतो, ४८ ला वर येतो. दुसऱ्याचा ५ ला आणि ५० ला छेदतो. दोन्ही वक्र एकाच घडणीचे. यातला ५ चा छेद खोटा, असे चित्र कुठेच सांगत नाही. मुळे दाखवणे हे आलेखाचे काम. त्यातले उत्तर कोणते, हे प्रश्नाच्या शब्दांकडे परत जाऊनच ठरते. वर्गात नेमके हेच परत जाणे राहून जाते, आणि हे आम्हाला फार खटकते.

युरोपातही निराळे नव्हते. बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घालणाऱ्या देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथातसुद्धा ऋण मुळांना ‘खोटी’ मुळेच म्हटले आहे.

भास्कराचार्यांचे आणखी एक उदाहरण आहे, चौथ्या घाताचे: संख्येच्या चौथ्या घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची चारशेपट वजा केली की ९९९९ उरतात. अशा समीकरणांना एकच ठरावीक रीत नाही, स्वतःची बुद्धी चालवावी लागते, हे ते मोकळेपणाने सांगतात. आणि काय युक्ती! दोन्ही बाजूंत संख्येच्या वर्गाची चौपट, तिची चारशेपट आणि एक मिळवतात. दोन्हीकडे पूर्ण वर्ग तयार होतात. उत्तर ११. पण उणे नऊ घालून पाहा: ६५६१ वजा १६२ अधिक ३६००, म्हणजे बरोबर ९९९९. वर्गमूळ धनही असते आणि ऋणही, हे त्यांनीच सांगितलेले. तरी उत्तर एकच दिले. इथे तर ना गुहा, ना फांदी, नुसती संख्या. इथेही लोकांचा विश्वासच आड आला असावा, असे आम्हाला वाटते.

हा आलेख घरी जरूर काढून बघा. डाव्या बाजूतून ९९९९ वजा करा आणि उभ्या अक्षावर एक सेंटिमीटरला हजार धरा, नाहीतर कागद पुरणार नाही. उणे दहाला वक्र ३८०१ वर आहे, शून्याला उणे ९९९९, पाचला उणे ११४२४, बाराला पुन्हा वर, ५६४९. त्याला तळ एकच आहे, आणि अक्ष तो दोनदा ओलांडतो: उजवीकडे ११ ला, डावीकडे उणे नऊला.