फिरत्या सिनेमाची वीज

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. गावालगतच्या उंच डोंगराच्या माथ्यावर मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे आणि त्या देवाला लोक ‘सिडिलु मल्लिकार्जुन’ या नावाने ओळखतात. कन्नड भाषेत सिडिलु म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज. ज्या मुलखात विजेच्या नावाचा देव नांदतो, त्या मुलखाने माणसाने उत्पन्न केलेली वीजही फार लवकर पाहिली. १९०२ साली कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली आणि १९०५ साली बंगळूरचे रस्ते तिने उजळले.

परंतु खाण आणि शहर म्हणजे खेडे नव्हे. उंच तारा शेतांवरून जात राहिल्या आणि खालच्या घरांत रॉकेलचे दिवे मिणमिणत राहिले. आपल्याकडेही निराळे घडले नाही. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोहोचली. घाटावरच्या असंख्य गावांना मात्र खांब दिसावयास महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन व्हावे लागले, आणि ते साल होते १९६०. या मधल्या काळात खेड्यांनी विजेचा दिवा पाहिलाच नाही काय? पाहिला, पण तो खांबावर नव्हे. तो चाकांवर बसून आला, चार रात्री राहिला आणि तंबूबरोबर निघून गेला. कन्नड मुलखातील तंबूचा सिनेमा पुष्कळदा एकाच गावी महिनोन्महिने मुक्काम करी. आपला फिरता सिनेमा मात्र जत्रांच्या मागे धावला. म्हणून या चाकांवरच्या विजेची कथा महाराष्ट्रातच अधिक चांगली सांगता येते.

फिरत्या सिनेमाचा व्यवसाय बोलपटाहून जुना आहे. अब्दुलअल्ली इसूफअल्ली हे गृहस्थ १९०१ पासून आग्नेय आशियात आणि १९०८ ते १९१४ या काळात हिंदुस्थानात तंबू घेऊन हिंडले. पुढे ज्या मॅजेस्टिक चित्रगृहात १९३१ साली ‘आलम आरा’ झळकला, ते त्यांच्याच भागीदारीतले होते. मूकपटाच्या जमान्यात यंत्र हाताने फिरवीत आणि प्रकाशापुरती सोय झाली की भागत असे. चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत सोडूनही खेळ होई. बोलपट आला आणि हे सारे पालटले. आता यंत्र ठरावीक गतीने फिरविण्यास मोटर हवी, आवाज वाढविण्यास ॲम्प्लिफायर हवा आणि दोन कोळशांच्या कांड्यांमध्ये पेटणाऱ्या प्रखर ज्योतीसाठी भरपूर विद्युत्प्रवाह हवा. जनित्रावाचून बोलपट मुका होता.

अशा रीतीने तो प्रसिद्ध ट्रक सिद्ध झाला. त्याच्या पाठीवर प्रोजेक्टर, पोटात फिल्मचे डबे, स्वयंपाकाची भांडी आणि वळकट्या. जवळच डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो. म्हसवडच्या सिद्धनाथापासून पुसेगाव, पाल, औंध असे करीत चैत्रातल्या गावजत्रांपर्यंत हा ट्रक म्हणजेच ऑपरेटरचे घर. त्याला आपण फिरते बिऱ्हाड म्हणू. मात्र या बिऱ्हाडात दिवा विझला तर घरच्या चौघांऐवजी तंबूतले हजार लोक ओरडत.

आणि दिवा विझतच असे. त्याची कारणे शोधण्याची जी विद्या या लोकांनी स्वतःच्या अनुभवातून घडविली, ती मला या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पावसाळ्याचे चार महिने सामान गोदामात पडून राही. हंगामाच्या आरंभी इंजिन सुरळीत चाले, परंतु डायनामो वीज म्हणून देत नसे. नवशिक्या माणूस तारा उस्तरीत बसे. जाणता माणूस मोटारची बॅटरी मागवी. कारण असे की, या जातीच्या डायनामोच्या लोखंडात थोडेसे चुंबकत्व शिल्लक असावे लागते. त्याच बीजातून पुढची सारी वीज उगवते. ते बीज नाहीसे झाले की बॅटरीचा प्रवाह क्षणभर क्षेत्राच्या वेटोळ्यांना देऊन ते पुन्हा पेरावयाचे. मात्र बॅटरीची टोके उलटी लागली तर वीजही उलटी निघे. बल्ब नेहमीप्रमाणेच लागत, त्यामुळे चूक ध्यानी येत नसे. पण पडद्यावरचे चित्र मलूल दिसे, कारण खरा प्रकाश ज्या धन कांडीच्या मुखातून यावयाचा, ती आता ऋण झालेली असे. भिंत हिरवी पडावी तशी ओल वेटोळ्यांतही मुरलेली असे. त्यावर उपाय म्हणजे शेजारी मोठे दिवे लावून ती ऊब देऊन वाळविणे.

खेळ चालू असताना बिघाड झाला तर सारे यंत्र उकलण्यास सवड कोठली? तेथे डोळा आणि कान यांचीच परीक्षा. चित्र पिवळट झाले आणि गाणेही खाली आले, तर दोष इंजिनाच्या गतीत: तेल नीट येत नाही, गाळणी तुंबली आहे किंवा नळीत हवा शिरली आहे. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने जावयाची. प्रत्यावर्ती विजेच्या संचात पन्नासाची आवर्तने पंचेचाळीसवर आली की तीही दहा टक्क्यांनी मंदावते आणि काळी पाचमधले गाणे काळी चारमध्ये ऐकू येते. ज्यांनी पेटीला कधी हात लावला नव्हता, असे ऑपरेटर केवळ स्वर उतरला म्हणून इंजिनाकडे धावत. उलट, चित्र थरथरते पण आवाज ठाम आहे, तर इंजिन निर्दोष. कांड्यांमधील अंतर पाहावे. दोन्ही तुटक तुटक येतात, तर एखादा स्क्रू ढिला. खडकाळ वाटांनी हादरे खात आलेल्या ट्रकमध्ये पहिला संशय या ढिल्या जोडणीचाच घ्यावा, असा अनुभव होता. डायनामोच्या ब्रशांशी ठिणग्या उडत असल्या तर तांब्याचा फिरता भाग काचकागदाने घासावयाचा, एमरीने नव्हे. एमरीचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून नवेच संकट उभे करतात.

आणि काहीच उमगेनासे झाले तर? मुख्य स्विच पाडून सारा भार तोडावयाचा, इंजिन मोकळे चालवावयाचे आणि मग तंबूचे दिवे, ॲम्प्लिफायर, ज्योत असा एकेक भार परत जोडावयाचा. ज्या जोडणीला इंजिन कण्हेल, तेथे रोग. कचेरीतल्या गुंतागुंतीच्या प्रकरणांतही ही रीत उपयोगी पडते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यात केवळ तिकिटांचे पैसे पणाला लागलेले नसत. जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही. वीज मंदावून मोटर थबकली आणि ज्योत मात्र जळत राहिली, तर झरोक्यासमोर अडलेला एक इंचभर तुकडा सबंध तंबूला पुरे होता. म्हणूनच मोटर अडखळताच प्रकाश अडविणारी झडप असे. दुसरा धोका अधिक लपलेला. ट्रक रबराच्या चाकांवर उभा. त्याच्या लोखंडी अंगात वीज उतरली तर तिला जमिनीची वाट मिळत नाही. ती वाट पाहते ट्रकला टेकून उभ्या राहणाऱ्या एखाद्या पोराची. जाणती माणसे मुक्कामावर पोहोचताच, तंबूचा पहिला खुंट ठोकण्यापूर्वी, लोखंडी गज जमिनीत ठोकीत, त्यावर मीठ-पाणी ओतीत आणि ट्रकचा सांगाडा त्याला तारेने बांधीत.

१९५३ च्या सिनेमा नियमन कायद्यान्वये परवाने देताना सरकारने वाळूच्या बादल्या, बाहेर जाण्याच्या वाटा आणि विजेच्या जोडण्या यांची तपासणी ठेवली, आणि ते योग्यच होते. पण तपासणी दिवसा होई आणि बिघाड रात्री. कचेऱ्यांच्या दप्तरांत तंबूची लांबी-रुंदी मिळते. माळरानावर दहा मिनिटांत डायनामो जागा करणाऱ्या माणसाचे कसब तेथे मिळत नाही. विद्युतीकरणाचा इतिहास आपण खांब आणि जोडण्या मोजून लिहितो. त्यात ही माणसे कोठेच बसत नाहीत. मात्र पुढे गावोगाव तारा आल्या, तेव्हा मोटारपंपाच्या तक्रारींना उत्तर देणारा पहिला मिस्त्री पुष्कळ ठिकाणी अशाच फिरत्या यंत्रांवर शिकलेला असावा, असे मला वाटते.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटात महाराष्ट्रातील या व्यवसायाची उतरती कळा दिसते. फिल्मची जागा संगणकीय प्रोजेक्टरने घेतली आणि बिघाडाची जातही बदलली. जुने यंत्र विजेचा चढ-उतार सोसून रडतखडत चाले. चित्र पिवळे पडे, सूर उतरे, पण दोष कोठे आहे हे ते सांगत असे. नव्या यंत्राला दाब थोडा अधिक झाला की ते एकदम बंद पडते आणि पडद्यावर काळोखाखेरीज काही उरत नाही. तेथे ना कांडी पाहावयाची, ना स्वर ऐकावयाचा. बंद पेटी शहरात पाठवावी लागते आणि ती परत येईपर्यंत जत्रा उठलेली असते.