मोहाच्या फुलावरचा कायदा

वडखळला मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. एका बाजूला धरमतरची खाडी, दुसऱ्या बाजूला पेण-रोह्याकडचे डोंगर. 1981 पर्यंत हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, आता तो रायगड झाला. इथे काय किंवा इतरत्र काय, दारूने होणाऱ्या नुकसानीचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, 'दारू वाईटच'. दुसरे, 'पिणारी माणसेच तशी'. पहिल्यात दोष रसायनाचा, दुसऱ्यात माणसाचा. सार्वजनिक आरोग्याचे संशोधक मात्र तिसरा प्रश्न विचारतात: ते रसायन त्या माणसापर्यंत कोणत्या व्यवस्थेतून पोचले? हा प्रश्न समजून घ्यायला याच परिसराचा इतिहास उपयोगी पडतो.

आधी थोडे रसायनशास्त्र पाहू. मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या सुमारास गळतात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. ती भिजवून ठेवली की यीस्ट साखरेचे अल्कोहोल बनवते. ताडीतही हेच घडते आणि तिच्यात अल्कोहोल साधारण 4 ते 6 टक्के असते. आंबवलेल्या द्रवात हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास गेले की यीस्टलाच ते सोसत नाही. त्यापुढे जायचे तर ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टी लावून गाळणे, हाच मार्ग उरतो. तसे केले की प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत सहज जाते.

ठाणे-कुलाब्यात दोन्ही प्रकार पूर्वापार चालत. किनाऱ्यावर भंडारी ताड-माड छेदून ताडी-माडी काढत. जंगलपट्टीत कातकरी, ठाकूर मोहाची फुले वेचत. ही फुले नुसत्या दारूसाठी नसत. ती वाळवून, शिजवून खाल्ली जात आणि टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देत. पिणे लग्नाला, सणाला, देवकार्याला जोडलेले होते. तेव्हा सारे आलबेल होते असे आम्ही म्हणत नाही. पण केव्हा प्यायचे आणि कोणाबरोबर, यावर हंगामाचा आणि समाजाचा काहीएक लगाम होता.

1878 साली मुंबई अबकारी कायदा आला. घरची, गावची गाळणी गुन्हा ठरली. दारू ठरावीक कारखान्यांत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानातून विकायची, अशी पद्धत बसली. उरण हे तिचे मोठे केंद्र होते. ताडीच्या झाडांवर झाडागणिक कर बसला. 'कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल' असे सरकारचे धोरण सांगितले जाई. तरीही लोक चोरून दारू गाळत राहिले, तेव्हा 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी कायदा झाला. त्याने मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेले, खाण्याचेही असलेले फूल परवान्यावाचून बाळगणे गुन्ह्यात जमा झाले.

यातून काय बदलले? सौम्य, ताजे पेय महागले आणि गाळलेली दारू पुढे आली. हंगाम जाऊन बारमाही दुकान आले. घरच्या वस्तूच्या जागी रोख किंवा उधार व्यवहार आला. दक्षिण गुजरातचा अभ्यास करणारे डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवले आहे, की तिथले दारूविक्रेतेच सावकारी करत आणि कर्जापोटी आदिवासींच्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या. ठाणे जिल्ह्यातील दारूचा इतिहास इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी 1995 मध्ये मांडला. 'आदिवासी दारुडे' हा शिक्का मारताना व्यवस्थेतले हे बदल सोयीस्करपणे विसरले जातात.

व्यसन जर स्वभावातच असते, तर 1922 मध्ये घडले ते घडलेच नसते. त्या साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांपासून सुरू झालेली 'देवी'ची चळवळ दक्षिण गुजरातेत पसरली आणि हजारो आदिवासींनी एकत्र येऊन दारू सोडली. सगळ्यांची सुटली ती कायमची सुटली असे नाही. पण माणसे तीच होती, दारूही तीच होती. बदलले होते ते भोवतीचे वातावरण.

आम्ही प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलून पाहतो. समाजात तसे करता येत नाही, पण इतिहास कधीकधी तशी संधी देतो. 1971 मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. सुमारे पाचांतला एक सैनिक तिथे हेरॉईन किंवा अफूच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी फक्त 5 टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा व्यसनात अडकले. याचा अर्थ रसायन निरुपद्रवी आहे असा नाही. परिस्थिती हासुद्धा मोजण्याजोगा घटक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नुकसान कोणाच्या वाट्याला येते हेही परिस्थितीच ठरवते. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तीत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर आघात करते आणि पेशींचे श्वसन रोखते. रसायनशास्त्राचे उत्तर इथे संपते. पण मेलेले बहुतेक कष्टकरी वस्तीतलेच का, याचे उत्तर स्वस्त पिशवीच्या बाजारात शोधावे लागते.

महाराष्ट्रात या दिशेने काम झाले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन दारूच्या प्रश्नाचा अभ्यास केला. लोकचळवळीनंतर 1993 मध्ये तिथे दारूबंदी झाली. तरी 2016 मध्ये 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम हाती घ्यावा लागला, कारण कायद्याला गावाची संघटना आणि उपचार यांची जोड लागते. मोहाच्या फुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने 2021 मध्ये उठवले.

वर्गात व्यसनाचा धडा घेताना यकृताची आकृती जरूर काढावी. तिच्या शेजारी विद्यार्थ्यांना चार प्रश्नही लिहायला लावावेत: दारू कोणी बनवली? कोणी विकली? पैसा कोणाला मिळाला? आणि पिणाऱ्याजवळ त्या दिवशी दुसरे काय होते? रायगडच्या कोणत्याही गावात मुलांना या प्रश्नांची उत्तरे शोधता येतील.