डावीकडचा माऊस

बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. "संपलं का रे लिखाण?" अशी ताईची मेल येऊन पडली, तेव्हा म्हटलं आता बसावंच. विषय मात्र अगदीच किरकोळ आहे. लेकीसाठी माऊस घ्यायचा होता. साधा नव्हे, गेमिंगचा. आता एवढ्याशा खरेदीवर कुणी पानभर लिहितं का? पण या उंदराने तीन आठवडे माझं डोकं खाल्लं, आणि त्याच्यापायी मी साठ वर्षांपूर्वीची टिपणं वाचत बसलो. तेव्हा थोडं सहन करा.

आधी घरचा मामला. लेक चौदा वर्षांची आहे आणि डावखुरी आहे. आजीवर गेलीय, असं सगळे म्हणतात. माझी आई मुळातली डावखुरीच. पण तिच्या लहानपणी पाटीवर डावा हात गेला की मास्तरांची पट्टी बसायची आणि ताटात डावा हात गेला की आजीचा चिमटा. त्यामुळे आई लिहिते आणि जेवते उजव्या हाताने. अक्षर तर असं की आम्हा भावंडांपैकी एकाचंही तसं नाही. पण केर काढते, सुईत दोरा ओवते, कुलूप उघडते ती डाव्या हाताने. जिथे कुणी लक्ष ठेवून नव्हतं, तिथला हात तिने राखला.

मी लेकीच्या बाबतीत असं काही केलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती. परवा ती म्हणाली, "मला माऊस डाव्या हाताने वापरून बघायचाय. उजव्याने नेम लागतच नाही, नेहमी उशीर होतो." मी म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? तर म्हणते, "बाबा, तूच तर तो उजवीकडे ठेवायचास!"

खरं आहे. पाच वर्षांची असताना ती चित्रं रंगवायला बसली की माऊस डावीकडे ओढायची, आणि मी येता-जाता तो उचलून उजवीकडे ठेवायचो. पट्टी नाही, चिमटा नाही, आवाजही चढवला नाही. शाळेच्या लॅबमध्ये तो उजवीकडेच असणार, आत्तापासून सवय असलेली बरी, एवढाच विचार. मास्तरांचाही असाच काहीतरी चांगला विचार असणार.

तर आम्ही दोघं तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने काउंटरवर आठ-दहा खोकी मांडली. मी विचारलं, डाव्या हाताचा आहे का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "साहेब, हात सोडा, डीपीआय बघा. २६ हजार आहे!"

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकवला तर तो किती पावलं मोजतो तो आकडा. २६ हजार पावलं, आणि समोरचा पडदा आडवा १९२० ठिपक्यांचा. एका पावलाला एक ठिपका धरला, तर इंचभर हललेला हात पडदा तेरा वेळा ओलांडून जाईल. काउंटर-स्ट्राइक खेळून पोट भरणारी पोरं बहुधा ४०० किंवा ८०० वर खेळतात. आकडा मोठा असतो तो खोक्यावर छापायला. पण हे दुकानात वाद घालण्यासारखं नव्हतं. रिकाम्या हाताने परत आलो आणि मी वाचायला बसलो.

माऊस कुणी शोधला हे आता शाळेतल्या प्रश्नमंजूषेतही विचारतात: डग्लस एंगलबार्ट. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तो काम करायचा. कल्पना त्याची, आणि १९६४ साली तो प्रत्यक्ष घडवला त्याचा सहकारी बिल इंग्लिश याने. लाकडी ठोकळा, पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एक लाल बटण. वायर आधी मनगटाच्या बाजूने निघायची. ती हाताखाली यायला लागली म्हणून पुढे नेली. उंदीर हे नाव कुणी ठेवलं ते त्या मंडळींनाही पुढे आठवत नव्हतं.

मला ठाऊक नव्हतं ते पुढचं. हा ठोकळा एकटा नव्हता. पडद्यावरच्या शब्दावर बोट ठेवायला कुठलं साधन बरं, हे ठरवायला त्यांनी 'नासा'च्या पैशांतून रीतसर चाचण्या घेतल्या. पडद्याला टेकवायची प्रकाशलेखणी, जॉयस्टिक, ग्रॅफाकॉन नावाचा एक दांडा, आणि (हे वाचून मी मोठ्याने हसलो) टेबलाखाली बसवलेलं, गुडघ्याने हलवायचं एक यंत्र. दोन्ही हात कीबोर्डवर मोकळे राहावेत म्हणून! म्हणजे आज मी तपकीर गल्लीत जे करत होतो, तेच ही मंडळी १९६० च्या दशकात करत होती. माऊस जन्माला आला तोच मुळी निवडीच्या स्पर्धेत.

या चाचण्यांवरचा निबंध इंग्लिश, एंगलबार्ट आणि बर्मन अशा तिघांच्या नावाने १९६७ साली छापून आला. मला वाटलं होतं त्यात "आमचा माऊस सर्वांत वेगवान" असा डांगोरा असेल. तसं नाही. सरावलेल्या हातांत माऊसने बाजी मारली, हे आहेच. पण निबंधाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की निवड मुळात या साधनांच्या वेगातल्या आणि अचूकपणातल्या फरकावर अडत नाही. त्या हाताला आणखी काय काय कामं आहेत, तो साधनापर्यंत किती सहज पोचतो, कसं बसून वापरावं लागतं आणि त्याने किती दमायला होतं, हे जास्त महत्त्वाचं. प्रकाशलेखणी दिसायला किती सोपी! पण दिवसभर हात वर धरून दाखवा.

म्हणजे दुकानदार "हात सोडा" म्हणाला, आणि ज्यांनी ही वस्तू केली ते म्हणत होते, आधी हात बघा.

आता त्यांनी कुठला हात बघितला? ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने हजारेक लोकांसमोर दीड तासाचं जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केलं, त्याची फिल्म आजही बघायला मिळते. त्यात त्याच्या उजव्या हातात माऊस आहे. पण डावा हात रिकामा नाही. त्याच्याखाली पाच पट्ट्यांची एक छोटी पेटी आहे, आपल्या बाजाच्या पेटीसारखी बोटं दाबून वाजवायची. पट्ट्यांच्या वेगवेगळ्या जोड्या दाबल्या की अक्षरं उमटतात. उजवा हात दाखवतो, डावा बोलतो. ही पेटी शिकायला अवघड होती, म्हणून मागे पडली. माऊस तेवढा पुढे गेला, उजव्या हातात धरलेला.

पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून भरभर. इंग्लिश झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत गेला आणि १९७२ च्या सुमारास चाकांच्या जागी गोळी आली. (जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीने १९६८ सालीच स्वतंत्रपणे गोळीचा माऊस काढला होता, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.) ॲपलला हा प्रकार स्वस्तात हवा होता, तेव्हा डीन होवीने घामाच्या वासावर लावायच्या रोल-ऑनच्या बाटलीतली गोळी काढून प्रयोग केले. १९८३ ला लिसा, १९८४ ला मॅकिंटॉश. ॲपलच्या त्या चौकोनी माऊसला एकच बटण होतं, आणि एक बटण असलं की डावं-उजवं उरतच नाही.

खेळ सुरू झाले तिथे गंमत आहे. आमच्या पिढीने 'डूम' (१९९३) खेळलं ते बहुतेक कीबोर्डवर. उजवा हात बाणांच्या कळांवर, डावा गोळी झाडायला. १९९६ ला 'क्वेक' आला, त्यात माऊस हलवून वर-खाली, आजूबाजूला बघता येत होतं, पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. १९९७ साली डेनिस फाँग, खेळातलं नाव थ्रेश, हा पोरगा 'क्वेक'ची मोठी स्पर्धा जिंकला आणि खेळ लिहिणाऱ्या जॉन कारमॅकची स्वतःची लाल फेरारी बक्षीस घेऊन घरी गेला. तो माऊस वापरायचा आणि डाव्या हाताने डब्ल्यू-ए-एस-डी या कळा. मग जो तो तसंच करायला लागला. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये त्याच कळा आधीपासून लावून मिळाल्या.

म्हणजे बघा, या कळांत काही दैवी नाही. बाणांवरचा उजवा हात माऊसवर गेला म्हणून डाव्याला नवी जागा शोधावी लागली, इतकंच. डावखुऱ्याने माऊस डावीकडे घेतला, तर त्याचा उजवा हात आपसूक बाणांवर येतो, जिथे आमचा 'डूम'च्या काळात होता. हे मी लेकीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ते मला कधीच कळलंय."

माऊसने मात्र एक हात धरला. खेळासाठी म्हणून विकलेल्या पहिल्यावहिल्या माऊसपैकी एक, १९९९ चा रेझरचा बूमस्लँग, दोन्ही अंगांनी सारखा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे प्रकाशावर चालणारे माऊस आले आणि गोळीला चिकटलेला मळ नखाने खरवडायची आमची हॉस्टेलमधली कला कालबाह्य झाली. पुढे माऊस तळहाताला बिलगणारे झाले, आणि तळहात म्हणजे उजवा. हाताच्या आकाराचं कवच करायचं तर साचा वेगळा लागतो, आणि डावखुरी माणसं दहात एखादं. तरी प्रयत्न झाले. लॉजिटेकच्या माऊसमॅनची डावी आवृत्ती नव्वदच्या दशकात मिळायची. रेझरने डावा नागा काढला, बंद केला, आणि लोकांनी फारच लकडा लावला तेव्हा २०२० साली पुन्हा काढला. काही माऊस दिसायला दोन्हीकडून सारखे असतात, पण अंगठ्याची बटणं फक्त डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्यापुरती. डाव्या हातात धरले की तिथे करंगळी येते. २०१८ च्या लॉजिटेक जी प्रो वायरलेसमध्ये ती बटणं हव्या त्या बाजूला लावता येतात, ही मला फार सभ्य कल्पना वाटली. किंमत मात्र सभ्य नाही. :)

खेळ करणाऱ्यांनी डाव्या हाताशी जरा बरं वागलेलं दिसतं. जुन्या काउंटर-स्ट्राइकमध्ये एक आज्ञा टाकली की पडद्यावरची बंदूक उजव्या हातातून डाव्या हातात जायची. २०२३ साली काउंटर-स्ट्राइक २ आलं तेव्हा ही सोय गायब होती. पुष्कळ ओरड झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती परत आली. ओरडल्यावर का होईना.

शेवटी आम्ही पुन्हा तपकीर गल्लीत गेलो. या वेळी मी आकडे विचारले नाहीत. लेकीला म्हटलं, प्रत्येक हातात धर, काउंटरवर फिरव, डोळे मिटून धर. दुकानदाराला चहा येईपर्यंत वेळ होता, त्यामुळे त्याने काही म्हटलं नाही. तिने दोन्ही अंगांनी सारखा, हलका, बारीक वायरचा एक निवडला. चौदाशे रुपये. खोक्यावरचा डीपीआय सगळ्यांत कमी. बाजूची बटणं तिच्या करंगळीखालीच येतात, पण ती म्हणाली, तिथे मी काही लावणारच नाही.

पहिले चार दिवस ती धडाधड हरली. हरणारच. नऊ वर्षं उजव्या हाताला शिकवलंय, डाव्याला कुणी काही शिकवलं नाही. पाचव्या दिवशी आई तिच्या मागे खुर्ची घेऊन बसली. त्या गोळीबारातलं तिला काही कळत नाही. ती नुसती लेकीच्या हाताकडे बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "दुखत नाही ना गं?" लेक म्हणाली, "नाही आजी, हाच तर बरा आहे."

काल रात्री वीजबिल भरायला बसलो. सवयीने माऊस उजवीकडे ओढला, वायर कीबोर्डवरून आडवी आली, तसंच बिल भरलं. उठताना तो परत डावीकडे ठेवला.